औषध सुरू करण्याआधी आजोबांचा बेडका तपासा

पत्राचा सारांश

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका आईनं लिहिलं आहे. मुलगा नुकताच ४ वर्षांचा झाला. जूनमध्ये बालवाडीत जायला लागला आणि तेव्हापासून खोकला पाठ सोडत नाही. सर्दीनं सुरुवात होते, मग रात्री आणि पहाटे ढास लागते. दवाखान्यात नेब्युलायझरची वाफ दिली की दोन दिवस बरा, पुन्हा तेच. दूध चार पेले पितो, पण जेवायला बसवलं की रडारड. 'खाल्लेलं अंगी लागत नाही' अशी तक्रार. जुलैत वजन १३.६ किलो होतं, ऑक्टोबरात १३.४. संध्याकाळी अंग कोमट लागतं. मानेत बारीक गाठी आहेत. डॉक्टरांनी रक्त, एक्स-रे आणि टीबीसाठीची हातावरची माँटू टेस्ट केली. शुक्रवारी सुई टोचली, रविवारी लॅब बंद, म्हणून सोमवारी वडिलांनी घरी पट्टीनं मोजून फोटो पाठवला: लाल चट्टा १२ मिलिमीटर. ईएसआर (शरीरात कुठे सूज आहे का, हे ढोबळपणे सांगणारी रक्ततपासणी) ३८. एक्स-रेच्या कागदावर 'हायलर भाग ठळक, मार्किंग्ज वाढलेले'. निदान झालं प्रायमरी कॉम्प्लेक्स, म्हणजे लहान मुलांतला सुरुवातीचा टीबी, आणि टीबीच्या औषधांचा सहा महिन्यांचा कोर्स लिहून दिला. औषधं आणून फ्रिजवर ठेवली आहेत, अजून सुरू केलेली नाहीत. नवरा म्हणतो, दिलं तर काय बिघडतं? सासूबाई म्हणतात, त्या रोगाचं नाव घराबाहेर जायला नको. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं तर पहिले नाराज होतील, हीही भीती. पत्रात जाता जाता असंही आलं आहे की आजोबा आषाढी वारीहून आल्यापासून खोकतात आणि बारीक झालेत, 'पण तो विडीचा खोकला'. आणि लिहिणाऱ्या बाईंच्या आईला दमा आहे.

उत्तर

ताई, तुम्ही विचारलंत की औषध सुरू करू की नको. तुमच्या पत्रातल्या शेवटच्या दोन गोष्टी, आजोबांचा खोकला आणि तुमच्या आईचा दमा, तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. मला त्या फाइलमधल्या सगळ्या रिपोर्टांपेक्षा महत्त्वाच्या वाटतात. डॉक्टरांना त्या सांगितल्यात का, हे पत्रावरून कळत नाही. बहुधा कुणी विचारलं नसेल आणि तुम्हालाही त्याचा संबंध वाटला नसेल.

आधी निदान. टीबीचे जंतू पहिल्यांदा फुप्फुसात शिरले की तिथे एक लहानसा डाग पडतो आणि जवळची लसीकाग्रंथी सुजते. या जोडीला वैद्यकात प्रायमरी कॉम्प्लेक्स म्हणतात. बहुतेकांचं शरीर तिला जागच्या जागी दाबून ठेवतं. पाच वर्षांखालच्या मुलांत ती उसळून खरा आजार होण्याचा धोका मोठ्यांपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून या वयात डॉक्टर घाबरून असतात आणि ते चूक नाही. पण आपल्याकडे मूल खात नाही, खोकतं, काटकुळं आहे आणि ईएसआर वाढलाय, एवढ्यावरही हे नाव चिकटतं. घरच्यांनाही ते टीबीपेक्षा सौम्य वाटतं. औषधं मात्र टीबीचीच असतात, त्यामुळे पुरावाही टीबीएवढाच भक्कम हवा.

राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची मुलांसाठीची कसोटी तुम्हीही वापरू शकता. दोन आठवडे किंवा जास्त न थांबलेला खोकला किंवा ताप. गेल्या तीन महिन्यांत वजनात ५ टक्क्यांहून जास्त घट, किंवा वजन अजिबात न वाढणं. आणि गेल्या दोन वर्षांत टीबीच्या रुग्णाचा सहवास. यातलं काही असेल तर मुलाची टीबीसाठी तपासणी करायची. नीट वाचा: ही तपासणी सुरू करण्याची कसोटी आहे. औषध सुरू करण्याची नाही.

आता तुमच्या मुलाच्या कागदांकडे येऊ.

माँटू टेस्टमध्ये हाताच्या पुढच्या बाजूला कातडीच्या आत ०.१ मिलिलिटर द्राव टोचतात. ४८ ते ७२ तासांनी तिथे हाताला लागणारा टणकपणा मोजतात, तोही हाताच्या आडव्या दिशेनं. लाली मोजत नाहीत. जाणकार माणूस बोटानं किंवा पेननं टणक भागाच्या दोन्ही कडा शोधतो आणि त्यांच्यामधलं अंतर लिहितो. तो टणक भाग १० मिलिमीटर किंवा जास्त असला तर टेस्ट पॉझिटिव्ह. तुमच्याकडे मोजली गेली ती लाली, तीही घरी पट्टीनं; डॉक्टरांनी पाहिला तो फोटो. १२ मिलिमीटर लालीखाली टणकपणा १२ असू शकतो, ५ असू शकतो, किंवा काहीच नसू शकतो. फोटोत टणकपणा दिसत नाही. म्हणजे हा आकडा खोटा आहे असं नाही; तो आकडाच नाही. पण लगेच दुसऱ्या हातावर पुन्हा टोचून घेऊ नका. पहिल्या सुईमुळे शरीर जागं झालेलं असतं आणि दुसऱ्यांदा गाठ मोठी उठू शकते. पुन्हा करायची की नाही आणि कधी, हे बालरोगतज्ज्ञांना ठरवू द्या. (इतर वाचकांसाठी: माँटू टोचून घ्यायची तर सोमवार ते बुधवारच्या दरम्यान घ्या, म्हणजे वाचायच्या दिवशी लॅब उघडी असते.)

समजा, नीट वाचून ती पॉझिटिव्हच निघाली. तरी तिचा अर्थ एवढाच की जंतू कधीतरी शरीरात शिरले आहेत. ते झोपलेत की आजार करताहेत हे माँटू सांगत नाही. रक्तातून होणारी महागडी टीबी गोल्ड टेस्टही सांगत नाही, म्हणून 'खात्री करण्यासाठी' तिच्यावर पैसे घालू नका. रक्तातल्या टीबीच्या अँटीबॉडी मोजणाऱ्या आयजीजी-आयजीएम टेस्टवर तर भारत सरकारनं २०१२ मध्ये बंदी घातली आहे. कुठे कुणी लिहून दिलीच तर सरळ नाही म्हणा.

ईएसआर ३८ चा काही उपयोग नाही. साधी सर्दी, दुखरा घसा, रक्त कमी असणं, कशानंही तो वाढतो.

एक्स-रेवर 'हायलर भाग ठळक' असा शेरा चार वर्षांच्या मुलांच्या फार एक्स-रेंवर असतो. मूल रडलं, थोडं वळलं किंवा श्वास सोडताना फोटो निघाला की फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या रक्तवाहिन्या ठळक दिसतात. टीबीच्या बाजूनं बोलणारा एक्स-रे वेगळा: मुळाशी किंवा श्वासनलिकेच्या कडेला स्पष्ट सुजलेल्या गाठी, फुप्फुसभर बाजरीसारखे ठिपके, छातीत पाणी. कागद नव्हे, फिल्म घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. शंका असेल तर ते बाजूनं दुसरा एक्स-रे सांगतील. कुठे नुसताच धूसर डाग असेल तर साधं अँटिबायोटिक आठवडाभर देऊन पुन्हा फोटो काढण्याची पद्धत आहे. त्या काळात ओफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन या गटातलं औषध नको, कारण ते टीबीच्या जंतूंवरही थोडं चालतं आणि चित्र झाकून टाकतं. आपल्याकडे जुलाबासाठी ओफ्लॉक्सॅसिनचं सिरप सर्रास दिलं जातं, तेवढ्यासाठी हे लक्षात ठेवा.

मानेतल्या गाठी वाटाण्याएवढ्या, बोटाखाली सरकणाऱ्या असतील तर त्या वारंवार सर्दी होणाऱ्या बहुतेक मुलांना असतात. डोक्यात उवा किंवा फोड असले तरी मानेमागे येतात. २ सेंटिमीटरपेक्षा मोठी, एकमेकींना चिकटलेली, गळपट्टीच्या हाडावरची, किंवा दोन आठवडे औषध घेऊनही न बसणारी गाठ असेल, तर सुईनं नमुना घेऊन तपासावी लागते.

ताप हातानं बघू नका. दिवसभर हुंदडलेलं मूल संध्याकाळी कोमटच लागतं. डिजिटल थर्मामीटर घ्या, काखेत धरा, टीक टीक वाजेपर्यंत थांबा. दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा, असं १४ दिवस लिहा. ९९.५ अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर ताप. वही दवाखान्यात न्या. 'अंगात बारीक ताप असतो' या वाक्यावर डॉक्टर काही ठरवू शकत नाही, वहीवर ठरवू शकतो.

वजनाचा प्रश्न अवघड आहे आणि इथे मी तुम्हाला नुसता धीर देणार नाही. १३.६ चे १३.४ झाले यात घाबरण्यासारखं काही नाही. दोन वेगळे काटे, एकदा चपला, एकदा स्वेटर, एवढ्यानंही २०० ग्रॅम इकडेतिकडे होतात. ५ टक्के घट म्हणायला वजन साधारण १२.९ पर्यंत उतरायला हवं. चार वर्षांच्या मुलग्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यातलं मधलं वजन १६.३ किलो आणि खालची रेघ १२.७ आहे. तुमचा मुलगा बारीक आहे, पण रेघेच्या वर आहे. त्याची तुलना शेजारच्या गुटगुटीत मुलाशी करण्यात अर्थ नाही. मात्र या वयात वर्षाला सुमारे दोन किलो, म्हणजे तीन महिन्यांत अर्धा किलो वाढ अपेक्षित असते. जुलैपासून वजन खरंच जागचं हललं नसेल तर ते लक्षण म्हणून मोजायलाच हवं. म्हणून अंगणवाडीत जाऊन त्याच्या माता-बाल संरक्षण कार्डावरची आधीची वजनं काढा. गेल्या वर्षभराची रेघ चढती आहे का सपाट, हे त्या कार्डावर दोन मिनिटांत दिसतं. पुढची वजनं एकाच काट्यावर, चड्डी-बनियनवर, महिन्यातून एकदा घ्या. उंचीही मोजा. त्याची मधली उंची १०३ सेंटिमीटर आणि खालची रेघ ९५ च्या आसपास येते. वजन अडलंय पण उंची वाढतेय, आणि दोन्ही अडलंय, या वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

आता आजोबा. लहान मुलाला टीबी होतो तो बहुतेक वेळा घरातल्या किंवा रोजच्या सहवासातल्या खोकणाऱ्या मोठ्या माणसाकडून. मुलाच्या छातीत जंतू कमी असतात, ते बेडका थुंकत नाही, त्यामुळे मुलात पुरावा सापडणं कठीण. आजोबांकडे सापडणं सोपं. आषाढीपासून खोकला म्हणजे तीन महिने झाले. शिवाय ते बारीक झालेत. वारीत चालून माणूस उतरतो खरा, पण घरी येऊन महिन्याभरात पुन्हा भरतो. विडी ओढणाऱ्याला विडीचा खोकला असतो, आणि विडी ओढणाऱ्यालाच टीबीही जास्त होतो. एकानं दुसरा रद्द होत नाही.

त्यांना 'टीबी तपासू' म्हणालात तर कदाचित येणार नाहीत. 'खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला की सरकारी दवाखान्यात बेडका फुकट तपासतात, साखरही बघून येऊ' असं म्हणा. साखर खरोखर बघाच, मधुमेहात टीबी बळावतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात झाकणाच्या डब्या देतात: एक नमुना तिथेच, दुसरा दुसऱ्या दिवशी सकाळचा. सकाळी उठून चूळ भरायची, मोकळ्या हवेत जायचं, खोल श्वास घेऊन छातीतून खाकरून काढायचं. तोंडातली थुंकी चालत नाही; पातळ पांढऱ्या थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि सगळे निर्धास्त होतात. हे सर्वांत जास्त वेळा बिघडतं, म्हणून डबी देण्याआधी त्यात पिवळसर घट्ट बेडका आहे ना बघा. नमुना सीबीनॅट किंवा गोव्यात तयार होणाऱ्या ट्रूनॅट यंत्रावर तपासला जाईल असं विचारून घ्या. ही यंत्रं जंतूची जनुकं शोधतात आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देईल का, तेही सांगतात. सोबत छातीचा एक्स-रे. आशाताईंना सांगितलंत तर त्या हे सगळं घडवून आणतात.

आजोबांशिवाय आणखी कुणी? गेल्या दोन वर्षांत घरी राहिलेला पाहुणा, बालवाडीच्या बाई, रिक्षावाले काका, शेजारची सांभाळणारी आजी. बसून आठवा.

आता दुसरी गोष्ट, तुमच्या आईचा दमा. सर्दीनं सुरुवात, रात्री-पहाटे ढास, वाफेनं दोन दिवस उतार, आजीला दमा. या चार गोष्टी एकत्र आल्या की बालरोगतज्ज्ञ आधी बालदम्याचा विचार करतात. टीबीचा खोकला वाफेनं उतरत नाही आणि मध्येच पूर्ण थांबत नाही. म्हणून 'सतत खोकतो' याची चिरफाड करा. मधे आठ-दहा दिवस अगदी खोकला नसतो का? पळाल्यावर, खदखदून हसल्यावर येतो का? छातीत सूं सूं आवाज येतो का? लहानपणी अंगावर खाजरे चट्टे होते का? बालवाडीच्या पहिल्या वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होणं नेहमीचं आहे, आणि प्रत्येक खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. जूनपासून पाच महिन्यांत असे चार खोकले एकमेकांना चिकटले तर आईला तो एकच खोकला वाटणार.

दम्याची शंका पक्की झाली तर डॉक्टर मास्क लावलेल्या स्पेसरमधून (पंपाला जोडायची पोकळ नळी) पंप देतील आणि दोन-तीन महिन्यांनी फरक बघतील. पंपाची सवय लागते हा गैरसमज आहे. औषध थेट छातीत जातं, त्यामुळे मात्रा फार कमी पुरते. बिघडतं ते तंत्रात. पंप हलवायचा, एका वेळी एकच दाब, मास्क नाका-तोंडाला घट्ट, मुलानं शांतपणे पाच-सहा श्वास घ्यायचे, मग अर्धा-एक मिनिट थांबून दुसरा दाब. नंतर चूळ भरायला लावायची आणि तोंड पुसायचं. स्पेसर साबणाच्या पाण्यानं धुऊन तसाच वाळू द्यायचा. कापडानं पुसला तर आत स्थिर वीज तयार होऊन औषध भिंतीला चिकटतं. आणि घरात विडी, चूल, मच्छर अगरबत्ती, धूप काही असेल तर ते मुलाच्या खोलीतून आजच बाहेर.

एक शक्यता अगदी थोडक्यात: खोकला एखाद्या दिवशी शेंगदाणे, फुटाणे खाताना ठसका लागून सुरू झाला असेल तर ते नक्की सांगा. श्वासनलिकेत अडकलेला दाणा महिनोन्‌महिने खोकवतो आणि टीबी म्हणून उपचार होतात.

खाण्याचं उत्तर बहुधा त्या चार पेल्यांत आहे. चार पेले दूध म्हणजे ८००-९०० मिलिलिटर, चार वर्षांच्या पोटाला जेवणाची जागाच उरत नाही. दुधात लोह जवळजवळ नसतं, त्यामुळे रक्त कमी होतं आणि रक्त कमी झालं की भूक आणखी मरते. दूध दिवसाला ४०० मिलिलिटरवर आणा, तेही जेवणानंतर, बिस्किटं बंद. हिमोग्लोबिनचा आकडा तुम्ही लिहिला नाही. या वयात ११ च्या खाली असेल तर लोहाचं औषध लागतं, साधारण दर किलोला दिवसाला ३ मिलिग्रॅम. ते दुधासोबत देऊ नका. जंतांची गोळी सहा महिन्यांत दिली नसेल तर अंगणवाडीत फेब्रुवारी-ऑगस्टमध्ये मिळणारी अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम डॉक्टरांना विचारून द्या. लघवीची तपासणीही एकदा करून घ्या. 'भुकेचं सिरप' मात्र नको. त्यातल्या सायप्रोहेप्टाडिननं मूल पेंगतं, चार दिवस खातं आणि बंद केलं की पुन्हा मूळपदावर.

नवऱ्याचा प्रश्न मात्र सोडून देण्यासारखा नाही. दिलं तर काय बिघडतं? पहिलं म्हणजे, दमा असेल तर तो सहा महिने उपचाराविना राहतो. दुसरं, यातली तीन औषधं यकृतावर ताण देऊ शकतात. मुलांत हे कमी घडतं, पण घडतं. तिसरं, आजार नसताना दिलेला कोर्स नेहमीच 'लागू पडतो'. ऑक्टोबरात सुरू झालेलं औषध एप्रिलमध्ये संपेल. तोवर बालवाडीतल्या सर्दीचा हंगाम सरलेला असतो, आणि मुलानं एक किलो वजन असंही घेतलेलं असतं. मग तेच निदान खरं ठरतं आणि दोन वर्षांनी धाकट्याच्या खोकल्यावर पुन्हा तीच औषधं येतात. 'देऊन बघू, लागू पडतं का' असा टीबीच्या औषधांचा प्रयोग करायला मार्गदर्शक सूचनांमध्ये जागा नाही.

उलट बाजूही तेवढीच ठाम आहे. सासूबाईंचं ऐकून फाइल कपाटात ठेवली आणि आजोबांना खरंच टीबी निघाला, तर पाच वर्षांखालच्या मुलात तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. सासूबाईंना हेही सांगा की या वयाच्या मुलाकडून टीबी दुसऱ्याला सहसा होत नाही, ताटं-वाट्या वेगळ्या करून काही साधत नाही, आणि घरातलं नाव सरकारी यादीत गेलं म्हणून ते गावात वाचून दाखवत नाहीत.

आता पहिल्या डॉक्टरांशी कसं बोलायचं. त्यांच्यावर रागावू नका. लहान मुलांत टीबीचा पक्का पुरावा नेहमी हाती येत नाही. काही वेळा सगळं बघून अंदाजानंच औषध सुरू करावं लागतं आणि ते बरोबरही असतं. फक्त तो अंदाज सगळी माहिती असताना करायला हवा. त्यांना जाऊन सांगा: घरात तीन महिने खोकणारे आजोबा आहेत, माझ्या आईला दमा आहे, माँटूची लाली आम्ही घरी मोजली. मग विचारा: पोटातल्या द्रावाची सीबीनॅट करायची का? मूल बेडका गिळतं, म्हणून पहाटे उपाशीपोटी, उठल्या उठल्या नाकातून बारीक नळी घालून तो द्राव काढतात. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात होतं. आणि शेवटी: निक्षयवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नोंद केलीत का? २०१२ पासून टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. चार औषधं देण्याइतकी खात्री असेल तर नोंद करण्याइतकीही हवी. नोंदीला टाळाटाळ झाली तर निदानाबद्दल डॉक्टरांना स्वतःलाच किती खात्री आहे, ते समजेल. दुसरं मत घेणं हा तुमचा हक्क आहे, त्यासाठी परवानगी लागत नाही. निक्षयची मदतवाहिनी १८००-११-६६६६, फुकट आहे.

एवढं सगळं दहा-पंधरा दिवसांत उरकेल. मूल खेळतंय, हसतंय, वजन घसरत नाही, तोवर एवढं थांबणं चालतं.

त्यानंतर वाटा तीन. आजोबांचा बेडका पॉझिटिव्ह आला आणि मुलात टीबीचा आजारही दिसला, तर पूर्ण उपचार. आजोबा पॉझिटिव्ह, पण मुलात आजार नाही, तर त्याला प्रतिबंधक औषध: रोज आयसोनायझिड सहा महिने, दर किलोला १० मिलिग्रॅम, किंवा आयसोनायझिड-रिफापेंटिनची आठवड्याला एक मात्रा, अशा १२ मात्रा. इथे आजार नाही याची खात्री आधी हवी, कारण आजार असताना एकच औषध दिलं तर जंतू त्याला दाद देईनासे होतात. मग तुमची, नवऱ्याची, सासूबाईंचीही तपासणी. आजोबांनी किमान पहिले दोन आठवडे वेगळ्या, खिडकी उघडी असलेल्या खोलीत झोपायचं आणि मास्क लावायचा. आणि तिसरी वाट: आजोबा निगेटिव्ह, मुलाची फिल्म साफ, द्राव निगेटिव्ह, तर टीबीचा विचार बाजूला ठेवून दमा आणि दूध यांच्याकडे वळायचं, आणि सहा-आठ आठवड्यांनी वजन-ताप-खोकला पुन्हा बघायचा. खोकला तसाच राहिला तर टीबीचा विचार परत उघडायचा. एकदा निगेटिव्ह म्हणजे कायमचं निगेटिव्ह नाही.

फ्रिजवरची औषधं बालरोगतज्ज्ञांना दाखवा, स्वतः काही सुरू करू नका. उपचार लागलाच तर सरकारी गोळ्या पाण्यात विरघळतात आणि मात्रा वजनावर असते: १२ ते १५ किलोच्या मुलाला तीन औषधांच्या एकत्र गोळ्या ३ आणि इथॅम्ब्युटॉल १०० मिलिग्रॅमच्या ३, रोज. दोन महिने अशी चार औषधं, पुढचे चार महिने पायराझिनामाइड सोडून तीन. गोळ्या फुकट, आणि पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये खात्यात. लघवी केशरी होईल, घाबरू नका. उलट्या होऊन जेवण बंद झालं, डोळे पिवळे दिसले, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी दवाखाना.

काहीही ठरलेलं असो, पुढचं दिसलं तर पंधरा दिवस थांबायचं नाही: मूल सुस्त पडणं किंवा ओळख न देणं, सकाळी उठल्यावर उलट्या आणि डोकेदुखी, आकडी (फिट), मान ताठ, झोपेत मिनिटाला ४० पेक्षा जास्त श्वास, बरगड्यांखाली आत ओढली जाणारी छाती, बेडक्यात रक्त.

आणि ज्या वाचकांच्या मुलाचा असा कोर्स आधीच सुरू आहे, त्यांनी हे वाचून तो मधेच बंद करू नये. तिसरा महिना चालू असेल तर सुरुवातीची फिल्म, माँटूची नोंद, वजनाचं कार्ड आणि औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे किंवा जिल्हा क्षयरोग केंद्रात जा. चालू ठेवायचा की थांबवायचा हे ते कागद बघून ठरवतील, आणि तोवर रोजची मात्रा चुकवू नका.